मोटारीच्या अंगावरील जाळें

घासल्यानें वस्तु उजळते, ही समजूत आपल्या घरांत फार खोलवर मुरलेली आहे. सणाच्या आदल्या दिवशीं चिंच, आमसूल व रांगोळी घेऊन देवांचीं उपकरणीं घासावयास बसलेल्या मंडळींना तिचा प्रत्यय दर खेपेस येतोच; आणि तांब्याचा गडवा लखलखूं लागला म्हणजे हात कितीही दुखत असला तरी मन प्रसन्न होतें. परंतु त्याच देव्हाऱ्यांत पणजीच्या हातचा जो बाळकृष्ण असतो, त्याचें नाक कोठें गेलें व डोळे सपाट कां झाले, याचा विचार आपण क्वचितच करतों. तें नाक कोणीं चोरून नेलें नाहीं; चार पिढ्यांच्या चिंचेनें व रांगोळीनें तें नेलें. पितळ निदान आंतबाहेर पितळच असतें, म्हणून बाळकृष्ण अद्याप बाळकृष्ण म्हणून ओळखतां येतो. मोटारीच्या रंगाची गोष्ट तशी नाहीं, आणि तीच यावेळीं वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नवी गाडी घरीं येऊन वर्ष-दीड वर्ष लोटतें. पेढे वांटून झालेले असतात, हप्ते मात्र चालू असतात. अशांत एके दिवशीं गाडी उन्हांत उभी असतांना बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें दिसूं लागतात. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर तीं फारच डोळ्यांत भरतात. पांढऱ्या गाडीवरही तीं असतातच, पण दडून असतात. वस्तुतः हीं वर्तुळें नव्हेतच. रंगावर सर्व दिशांना धांवणारे हजारों अतिसूक्ष्म ओरखडे असतात. त्यांपैकीं जे प्रकाशाच्या वाटेला आडवे पडलेले असतील तेवढेच त्या क्षणीं किरण परतवून आपल्या डोळ्यांकडे पाठवितात, आणि प्रतिबिंबाभोंवतीं लागलेली अशा आडव्या रेघांची रांग डोळ्याला वाटोळी भासते. पुष्कळ वापरलेलें स्टीलचें ताट दिव्याखालीं धरल्यास हाच चमत्कार दिसेल. खात्री करून घ्यावयाची असल्यास रात्रीं विजेरी घेऊन गाडीजवळ जावें व ती हळूहळू हलवावी. वर्तुळें विजेरीबरोबर सरकतात, ओरखडे कांहीं सरकत नाहींत.

हे ओरखडे निघतात काय? निघतात. मात्र ते कसे निघतात हें समजून घेतल्यावांचून कोणीं डबीचें झांकण उघडूं नये. हल्लींच्या गाडीच्या पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट या नांवाचा बिनरंगी, पारदर्शक लेप असतो. या चारही थरांची जाडी मिळून साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतून वरच्या लेपाच्या वाट्यास बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन येतात. आपल्या हातांतील वर्तमानपत्राचा कागद ६०-७० मायक्रॉन जाड असतो; म्हणजे ज्याच्या जोरावर गाडीची सारी कांति टिकावयाची, तो लेप त्या कागदाहूनही पातळ. ओरखडा ही त्या लेपांतली एक चिमुकली दरी होय. दरी भरून काढतां येत नाहीं, म्हणून भोंवतालचा डोंगर तिच्या तळापर्यंत उतरवावयाचा, एवढाच पॉलिशचा अर्थ आहे. ओरखडा निघाला असें आपण म्हणतों तेव्हां खरोखर त्याच्या आजूबाजूचा चांगला लेप निघालेला असतो. हलक्या हाताच्या पॉलिशनें मायक्रॉन-दोन मायक्रॉन जातात. यंत्रावर जहाल कंपाउंड लावून घासल्यास चार-पांचही जाऊं शकतात. ज्या घरांत मुलामा दिलेलें चांदीचें ताट आहे तेथील गृहिणी तें राखेनें घासावयास कधीं देणार नाहीं. मोटार ही मुलाम्याची वस्तु आहे, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप सुचतात.

हा लेप केवळ शोभेचाही नव्हे. सूर्याच्या अतिनील किरणांना अडविणारीं द्रव्यें त्यांतच मिसळलेलीं असतात. तो फार पातळ झाला कीं कांहीं उन्हाळ्यांनंतर टपावर व बॉनेटवर पांढुरके डाग दिसूं लागतात, मग कडेनें पापुद्रे सुटतात, आणि खालचा रंग उघडा पडून विटतो. त्या अवस्थेला पॉलिशचा उपाय नाहीं; खरवडून पुन्हा रंगविणें एवढेंच उरतें. आणि पुन्हा दिलेला रंग कितीही निगुतीनें दिला तरी मूळच्या जातीचा होत नाहीं, कारण कारखान्यांत गाडीचा उघडा सांगाडा १४० अंशांच्या सुमारास भट्टींत भाजतां येतो. रबर, तारा व प्लास्टिक बसविलेल्या तयार गाडीला तेवढी आंच सोसणें शक्य नसतें. तेव्हां दर दसऱ्याला गाडी 'रबिंग-पॉलिश' करून आणण्याची जी चाल कित्येक घरांत पडली आहे, तिच्यायोगें आपण गाडीचें आयुष्य वाढवितों कीं पैसे देऊन तें कमी करून घेतों, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. आमच्या मतें ती चाल सरळ बंद करावी.

चाल पडली कशी, हें मात्र पाहण्याजोगें आहे. आरंभींच्या मोटारींचा रंग हा घोड्यांच्या बग्ग्यांचाच रंग होता. व्हार्निशाचे थरावर थर द्यावयाचे व प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहावयाची, यांत आठवडेच्या आठवडे जात. १९२३ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीचें ड्यूको नांवाचें लॅकर आलें, आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या त्या निळ्या रंगांत बाहेर पडल्या. हें लॅकर फवाऱ्यानें उडवितां येई व झटपट वाळे. परंतु वाळल्यावर त्याला अंगची चकाकी फारशी नसे, ती घासून आणावी लागे. पुढें आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रीमियर पद्मिनी व बंगालमधील उत्तरपाऱ्याहून अँबॅसडर येऊं लागली, तेव्हांही वर पारदर्शक लेप नसून बहुधा रंगाचाच जाड थर असे. उन्हानें तो खडूसारखा फिका पडे. रंगारी कंपाउंड लावून वरचा मेलेला पदर काढी व खालून ताजा रंग वर येई. फडक्याला गाडीचा रंग लागे, त्यामुळें किती निघालें हेंही कळे. त्या गाड्यांना रबिंग योग्यच होतें. पारदर्शक लेपाची पद्धत १९८० नंतरच्या काळांत सर्वत्र पसरली आणि सारें उलटलें. आतां फडक्यावर रंग दिसत नाहीं, म्हणून कांहीं गेलेंच नाहीं असें वाटतें. जें जातें तें काचेसारखें बिनरंगी असल्यामुळें दिसत नाहीं, एवढेंच. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची उतरली; तिच्याकरितां शिकलेली हातोटी मात्र अजून कित्येक रंगशाळांतून चालू आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हे ओरखडे येतात कोठून? मांजरें, मुलें व शेजारी यांच्यावर संशय घेण्यापूर्वीं सकाळीं खालीं उतरून पाहावें. पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थांतून पहांटे एक मनुष्य एक बादली व एक फडकें घेऊन येतो आणि १५-२० गाड्या ओळीनें पुसून जातो. पहिल्या दोन गाड्यांपुरतें पाणी पाणी असतें. पुढें तो चिखल असतो. रस्त्यावरील धुळींत वाळूचे जे कण असतात ते गारगोटीच्या जातीचे, आणि लेप त्या मानानें फार मऊ. ओल्या फडक्यांत अडकलेला एकेक कण बॉनेटवरून फिरतांना आपली रेघ ओढीत जातो, आणि हें वर्षाचे तीनशें दिवस चालतें. कोरड्या झटकण्यानें धूळ उडविणारे गृहस्थ तर याहूनही पुढें जातात. त्यांना निदान बादलीचा तरी आधार नसतो.

अशा वेळीं त्या मनुष्याला बोलावून रागें भरणें, महिना अखेरीस त्याचे पैसे कापणें, असले प्रकार आम्हीं पाहिलेले आहेत, आणि ते आम्हांस मुळींच आवडलेले नाहींत. त्याला फडकें कोणीं दिलें? घरांतील जुन्या परकराचा नाहीं तर फाटक्या बनियनचा तुकडा आपणच काढून देतों. पाणी किती वापरावें हें गृहसंस्थेची समिति ठरविते. गाडी रोज पुसलेली दिसलीच पाहिजे, असा आग्रह आपलाच असतो. एक दिवस धूळ दिसली तर आपणच वरून हांक मारतों. ज्याला महिन्याकांठीं एका गाडीचे थोडेसे रुपये मिळतात आणि उजाडण्यापूर्वीं वीस गाड्या हातावेगळ्या करावयाच्या असतात, त्यानें प्रत्येक गाडीला नवें पाणी आणावें अशी अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं. त्यापेक्षां त्याला सरळ सांगावें, "मामा, आमची गाडी रोज पुसूं नका, आठवड्यांतून दोनदां नीट धुवा, पैसे तेवढेच राहतील." आरंभीं त्याला हें चमत्कारिक वाटेल, कदाचित् काम सुटण्याची ही पहिली पायरी तर नव्हे ना, अशी शंकाही येईल, म्हणून पैशांचें वाक्य गाळूं नये. दोन बादल्या आपण द्याव्या. एकींत गाडीसाठीं मिळणारा शांपू घातलेलें पाणी, दुसरींत निव्वळ पाणी. फडकें दर थोड्या वेळानें दुसऱ्या बादलींत पिळून मगच पहिलींत बुडवावयाचें. फडकें मायक्रोफायबरचें असावें, त्याचे तंतु धूळ आपल्या पोटांत ओढून घेतात. प्रथम गाडीवर नुसतें पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी, मग टपापासून आरंभ करून खालीं यावें, आणि चाकांचें फडकें निराळें ठेवावें. दोन बादल्यांत एक लहान गाडी बऱ्यापैकीं धुतां येते. टंचाईच्या दिवसांतही एवढें पाणी आठवड्यांतून दोनदां परवडतें, कारण रोजची बादली वांचलेली असते.

एवढें झालें म्हणजे नवे ओरखडे पडणें पुष्कळ कमी होतें, आणि मगच जुने काढण्यांत अर्थ आहे. प्रथम बोटाचें नख ओरखड्यावरून आडवें फिरवावें. नख अडकलें तर तो ओरखडा खोल आहे, तो पॉलिशचा विषय नव्हे, त्याला हात लावूं नये. नख न अडकतां गेलें तर पुढें जावें. गाडी सावलींत, पत्रा गार असतांना घ्यावी. विदर्भांत मे महिन्यांत हें काम सूर्योदयापूर्वींच उरकावें लागेल. धुऊन कोरड्या केलेल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटें फिरवावीं. खरखर लागली तर लेपावर डांबराचे, लोखंडाच्या धुळीचे किंवा झाडाच्या चिकाचे कण रुतलेले आहेत असें समजावें. त्याकरितां क्ले नांवाचा एक मऊ गोळा मिळतो. शांपूचें पाणी शिंपडून तो पत्र्यावरून हलकेच सरकवीत नेला म्हणजे कण त्यांत अडकून येतात. गोळा जमिनीवर पडला तर तो कितीही महाग असला तरी टाकून द्यावा. धुऊन वापरणें म्हणजे वाळूनें घासणें होय.

दुकानांत तीन प्रकारच्या डब्या शेजारीं शेजारीं मांडलेल्या असतात व त्यांतच पुष्कळांची फसगत होते. कंपाउंड जहाल, पॉलिश सौम्य. दोहोंत घासणारी पूड असते. मेणांत ती बहुधा नसते. तें ओरखडा काढीत नाहीं, फक्त वरून पांघरूण घालतें. आरंभ नेहमीं सौम्य पॉलिशनें करावा, आणि तोही एका कोपऱ्यांत हातभर जागेवर. स्पंजाच्या गोल पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घेऊन, बेताचा दाब देऊन, आधीं उभ्या व मग आडव्या सरळ रेषांत, एकावर एक येतील असे हात मारावे. दोन-तीन मिनिटांत पॉलिश पातळ, जवळजवळ पारदर्शक होतें; तें स्वच्छ मायक्रोफायबरनें पुसून विजेरीखालीं पाहावें. येथें मनाचा निग्रह लागतो. जाळें बारा आणे गेलें असेल तर उरलेले चार आणे तसेच राहूं द्यावे. सोळा आणे काढण्याच्या हव्यासानेंच लेप संपतो, आणि उरलेल्या रेघा आपल्याशिवाय दुसऱ्या कोणास दिसत नाहींत. हातानें एक बॉनेट करावयास तासभर सहज लागतो. सबंध गाडी एका रविवारीं उरकण्याची उमेद कोणी धरूं नये. पत्र्याच्या कडा व उंचवट्याच्या धारा यांवर रंग मुळांतच पातळ बसलेला असतो, तेथें कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी. काळ्या बिनरंगी प्लास्टिकलाही ती लावावी, नाहीं तर त्यावर पॉलिशचे पांढरे डाग राहतात. गाडीचा रंग मुद्दाम बिनचकाकीचा, मॅट जातीचा असेल तर तिला पॉलिश कधींही लावूं नये, तिचें सौंदर्यच नाहींसें होतें.

यंत्रें दोन जातींचीं मिळतात. एकाचें पॅड एकाच आंसाभोंवतीं गरगर फिरतें. तें वाकबगार हाताचें काम आहे. एका जागीं थोडें जास्त थांबलें कीं रंग तापतो, आणि उत्तम चालविलें नाहीं तर स्वतःच नवे चट्टे ठेवून जातें, ते उन्हांत लाटांसारखे हलतात. दुसऱ्याचें पॅड फिरतां फिरतां डोलतेंही. तें सावकाश कापतें व शिकाऊ मनुष्याला सांभाळून घेतें. घरांत कोणास हौसच असेल तर हें दुसरें घ्यावें. दांत घासण्याची पेस्ट, रॉकेल, खोबरेल यांविषयीं आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. पेस्टींत सौम्य पूड असते, म्हणून एखादी रेघ पुसट होते खरी. पण ती पूड या कामासाठीं दळलेली नसते. रॉकेल व तेल यांनीं ओरखडे ओले होऊन दिसेनासे होतात, आणि दुपारपर्यंत त्यावर आसपासची सारी धूळ येऊन बसते.

काम बाहेर द्यावयाचें असेल तर दुकानदाराजवळ रंगाची जाडी मोजण्याचें यंत्र आहे काय, हें पहिल्यानें विचारावें. तें पत्र्यावर टेंकवून आंकडा वाचावा. कांहीं भागांवर १२० आणि एकाच दारावर ३०० आला, तर तें दार पूर्वीं रंगविलेलें आहे असें खुशाल समजावें. जुनी गाडी घेतांनाही ही युक्ति उपयोगी पडते. ज्याच्याजवळ असें यंत्र नाहीं आणि जो पहिल्याच भेटींत जहाल कंपाउंडची डबी काढतो, त्याला नमस्कार करून परत यावें. पैसे देण्यापूर्वीं आणखी एक परीक्षा करावी. कांहीं पॉलिशांत तेलें व मेणें असतात. तीं ओरखड्यांच्या दऱ्या तात्पुरत्या बुजवितात, गाडी आरशासारखी दिसते, आणि तीन-चार धुण्यांत जाळें पुन्हा हजर होतें. आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यांत मिसळून त्यानें हातभर जागा पुसावी व उन्हांत पाहावें; बुजविलेलें असेल तर तत्काळ उघडें पडतें.

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिराती हल्लीं फार येतात. तो सिलिकेच्या जातीचा एक-दोन मायक्रॉनचा लेप असतो. त्यावरून पाणी थेंब होऊन ओघळतें व धुणें सोपें जातें, हें खरें. पण त्याच्या डबीवर जो '९ एच' हा कठिणतेचा आंकडा छापलेला असतो तो पेन्सिलींच्या मापाचा आहे, रत्नांच्या मापाचा नव्हे. वाळूच्या कणापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. शिवाय जाळें न काढतां तो दिल्यास जाळें त्याखालीं सुखरूप जपून राहतें. साध्या गृहस्थाला पॉलिशनंतर मेण पुरे. कार्नोबा नांवाचें जें मेण प्रसिद्ध आहे तें ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळतें. तें एक-दोन महिने टिकतें, कोंकणच्या पावसांत त्याहून कमी.

घासण्याची घाई होते अशा आणखी दोन-तीन जागा आहेत. मोहराच्या दिवसांत आंब्याखालीं गाडी ठेवली कीं तिच्यावर चिकटा पडतो. तो मोहराचा रस नसून मोहरावरील तुडतुड्यांनीं टाकलेला गोड द्रव असतो. पक्ष्यांची विष्ठा उन्हांत वाळली म्हणजे लेपांत खळगा पाडते. दोहोंवर ओलें फडकें पांच-दहा मिनिटें नुसतें ठेवून द्यावें, मग उचलून घ्यावें. नखानें किंवा कोरड्या कागदानें खरवडूं नये. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके पातळ केलेल्या व्हिनेगरनें जातात, पण ताजे असतांनाच. पत्र्यापर्यंत गेलेल्या खोल ओरखड्यावर मात्र पावसाळ्यापूर्वीं त्याच क्रमांकाचा रंग बारीक कुंचल्यानें भरावा, मग तो कितीही ओबडधोबड दिसला तरी चालेल. समुद्राजवळच्या गांवीं गंज एका पावसांत आंत शिरतो. लग्नाच्या वरातीसाठीं कोणी गाडी मागितली तर अवश्य द्यावी, पण फुलांच्या माळा चिकटपट्टीनें बॉनेटवर न लावतां दारांच्या मुठींना व पुढच्या जाळीला बांधण्यास सांगावें. वाऱ्यानें फडफडणारी जरीची फीत दोन मैलांत जें करते तें पुसण्याच्या फडक्याला वर्षभरांत साधत नाहीं. आणि खंडेनवमीला गाडीची पूजा करतांना ओल्या कुंकवाचें स्वस्तिक बॉनेटवर काढण्याऐवजीं पुढच्या काचेच्या कोपऱ्यांत काढावें. काचेवर कुंकवाचा डाग राहत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तें पाण्यानें सहज निघतें.